नव्वदवरचा लाल ठिपका

३ फेब्रुवारी

...आणि पहिलं काम चादरीचं. ह्यांना कुशीवर वळवायचं, खालची ओली चादर ओढून काढायची, कोरडी सरकवायची. हे म्हणायचे, "हळू गं, पोतं नाहीये मी!" मग चादर मशीनमध्ये, पावडर, दार घट्ट, आणि खटका फिरवून लाल ठिपक्यावर. मशीन घरघरायला लागलं की मी चहा टाकायची. त्या आवाजात हे डोळे मिटून पडायचे. म्हणायचे, "आता कुठं घर सुरू झालं."

ती सकाळ काही खास नव्हती. सगळ्या तशाच असायच्या. पण आज ती आठवली, कारण आजही मी तेच केलं. पलंगावरची चादर काढली, दुसरी घातली, काढलेली मशीनमध्ये टाकली. लाल ठिपका. चहा.

त्या पलंगावर दोन वर्षांत कुणी झोपलेलं नाही.

आणि दुपारी विजेचं बिल आलं.

४ फेब्रुवारी

मुलगा आला. बिल हातात घेऊन उभाच. बस म्हटलं तरी बसेना.

"आई, हे एकट्या बाईचं बिल आहे? का घरात गिरणी घातलीस?"

"फ्रीज आहे. मशीन आहे. दिवे आहेत. सगळ्यांकडे असतात."

"आम्ही चार माणसं आहोत. आम्हाला एवढं येत नाही!"

मग त्याने खरं ते काढलं. तुला एकटीला झेपत नाही. घर भाड्याने देऊ. त्याच्या कचेरीतला एकजण घ्यायला तयार आहे. तू आमच्याकडे ये, हॉलमध्ये सोफा आहे.

पोरगं वाईट नाही. काळजीनेच बोलतो, पण बोलतो साहेबासारखा. आणि सोफा! सोफ्यावर पाहुणे बसतात. तिथं कुणी राहतं का?

म्हटलं, "पुढचं बिल येऊ दे. उतरलं तर मी इथेच."

"आणि नाही उतरलं तर?"

"तर येते."

बोलून बसले.

६ फेब्रुवारी

फ्रीज बंद ठेवला. दूध नासलं.

९ फेब्रुवारी

तीन दिवस दिवा न लावता काढते आहे. उजेड असेपर्यंत खिडकीशी वाचायचं, मग चाचपडायचं. आज नडगीवर स्टूल आदळलं. ब्रह्मांड आठवलं!

शेजारची शिंपीणबाई दार वाजवत आली. "अहो ताई, वीज गेली का तुमची? आमच्याकडे तर आहे!"

"डोळ्यांना जरा विश्रांती देतेय," म्हटलं.

"विश्रांती डोळ्यांना, आणि लंगडताय पायाने?"

तिला सगळं सांगून टाकलं. ती एवढंच म्हणाली, "तुम्ही गेलात तर माझी काजघरं कोण बघणार हो?" काजघरं मी बघत नाही. मी नुसती तिथे बसते, ती बोलते. पण तेवढ्याने भरून आलं.

११ फेब्रुवारी

वायरमनला बोलावलं. त्याने मशीनकडे दारातूनच बघितलं. "म्हातारं झालंय, काकू. नवीन घ्या."

"तुझ्या आईचंही असंच करतोस का रे?"

हसला बिचारा. मशीन उघडून बघ म्हटलं तर घाई आहे म्हणाला. जाता जाता जिन्यातल्या मीटरवरचा बारीक दिवा दाखवला. तो लुकलुकतो. जितका भराभर लुकलुकेल तितकी वीज जास्त जाते. एवढं सांगून दोन-दोन पायऱ्या उतरत गेला.

मीटर इतकी वर्षं जिन्यात आहे. त्याच्याकडे मी कधी मान वर करून बघितलं नव्हतं. मीटरचं सगळं हे बघायचे.

१२ फेब्रुवारी

आज स्टूल जिन्यात नेलं आणि मीटरसमोर बसले. घरातलं एकेक चालू करायचं, बाहेर यायचं, बघायचं. येणारेजाणारे भिंतीला अंग चोरून जात होते. शिंपीणबाई तिच्या दारातून म्हणाली, "मीटरशी सोयरीक जमवताय की काय?"

"बघतेय. अजून डोळा मारतंय नुसतं."

दिवे लावले तर काही विशेष नाही. म्हणजे नडगी फुकट फोडून घेतली! फ्रीजचंही फार नाही. इस्त्रीने मात्र जोर धरला, पण इस्त्री मी कितीदा करते?

मग मशीन लावलं. रोजची चादर, रोजचा ठिपका. पाणी भरेपर्यंत ठीक होतं. आणि मग! तो दिवा असा लुकलुकायला लागला की मोजता येईना. किती तरी वेळ तसंच. मग एकदम मंदावला. मी घाबरून आत गेले, वाटलं मशीन बंद पडलं. तर ड्रम चाललाच होता मजेत, गरागरा.

म्हणजे फिरण्याला वीज लागत नाही? मग जाते कशाला?

१४ फेब्रुवारी

मशीनचं पुस्तक सापडलं, कपाटावर, औषधांच्या रिकाम्या खोक्याखाली.

मला वाचायला कुणी शिकवलं नाही. ह्यांच्या औषधांच्या पाकिटांवरून शिकले. कोणती गोळी जेवणाआधी, कोणती नंतर, हे चुकून चालणार नव्हतं. आधी अक्षरं चित्रासारखी लक्षात ठेवली, मग ती बोलायला लागली. हे गेल्यावर हातात येईल ते वाचत सुटले. पुड्यांचे कागदसुद्धा. मग गिरवत गिरवत लिहायलाही लागले. पण मशीन लावायला वाचावं लागत नव्हतं, ठिपका होता. म्हणून हे पुस्तक उघडलंच नव्हतं.

आज उघडलं. ठिपक्याखाली नव्वद लिहिलंय. मी समजत होते ती मिनिटं! आणि मशीन नव्वद मिनिटांत कधीच उरकत नाही, कितीतरी जास्त घेतं. मला वाटायचं, आपल्यासारखंच थकलंय.

ते अंश आहेत. पाण्याच्या गरमीचे अंश! पुस्तकात सरळ लिहिलंय: सर्वात जास्त वीज पाणी तापवायला लागते. रोजच्या कपड्यांना तीस पुरेत. आणि ड्रम भरल्याशिवाय लावू नका.

एका स्वच्छ चादरीसाठी मी रोज बंबभर पाणी उकळतेय. मशीनची काच इतकी तापते की हात ठेववत नाही. ते तर मला रोज दिसत होतं.

१५ फेब्रुवारी

आज तीसवर लावायचं ठरवून उठले.

नाही जमलं.

खटका हातात धरला की बोट आपोआप ठिपक्यावर जातं. हे अंथरुणावर होते तेव्हाच कधीतरी तो ठिपका उमटला. मला तेव्हा वाचता येत नव्हतं म्हणून त्यांनी खूण केली. नेलपॉलिशची. थोडी ओघळलीय एका बाजूला, त्यांचा हात थरथरायचा ना. घरात त्यांच्या हातचं आता काय राहिलंय? सदरे वाटले. चष्मा मुलाने नेला. हा ठिपका राहिलाय.

तो सोडायचा, तर घर राहील. तो धरायचा, तर घर जाईल. काय करू? कुणाला विचारू?

ठिपक्यावरच लावलं.

१८ फेब्रुवारी

तीसवर लावलं. डोळे मिटून फिरवलं.

चादर होती तशीच निघाली, स्वच्छ. तिच्यात धुण्यासारखं होतंच काय!

२१ फेब्रुवारी

गरम पाणी सुटलं, ते एक. आता दुसरं — रोज लावणं. पुस्तक म्हणतं ड्रम भरू द्या. माझ्या एकटीच्या कपड्यांनी ड्रम भरायला आठवडा जातो.

मशीन न लावता चहा केला. घर सुरूच झालं नाही. नळ थेंब थेंब गळतो हे आज कळलं. कप विसळला, परत विसळला. मग शिंपीणबाईकडे जाऊन बसले. तिचं मशीन खडखडत होतं तेवढा वेळ बरं वाटलं.

ती म्हणाली, "रडायचं तर रडा हो. कापडावर मात्र नको, गिऱ्हाइकाचं आहे."

२३ फेब्रुवारी

मशीन नाही.

२४ फेब्रुवारी

नाही.

२५ फेब्रुवारी

लावलं. लाल ठिपक्यावर. एकच चादर. काच तापेपर्यंत हात ठेवून बसले.

आता बिल उतरत नाही. सोफ्याचा रंग कोणता आहे तेही आठवत नाही मला.

२६ फेब्रुवारी

नाही लावलं. परत नाही लावणार.

४ मार्च

बिल आलं. उतरलंय! पुष्कळ उतरलंय. दारातच उभी राहून तीनदा वाचलं. मग तिथेच उंबऱ्यावर बसले.

संध्याकाळी मुलगा कामावरून परस्पर इकडे आला. त्याने दोन्ही बिलं शेजारी शेजारी धरली.

"काय जादू केलीस?"

मी त्याला मशीनपाशी नेलं. पाणी तापवण्याचं सांगितलं, तीसचं सांगितलं, मीटरचं सांगितलं. ऐकत होता, शाळेत ऐकायचा त्याहून बरं. मग खटक्याकडे बघून म्हणाला, "मग हा ठिपका खरवडून टाकू. चुकून हात जाईल तुझा." आणि नख लावलं!

मी ओरडलेच. "हात लावू नकोस! ह्यांची खूण आहे ती!"

त्याने हात मागे घेतला.

"आई... ती मी लावलीय."

"काहीतरी बोलू नकोस."

"अगं, बाबांना तेव्हा पलंगावरून उतरता तरी येत होतं का? नर्सबाई म्हणाल्या, चादरी उकळत्या पाण्यात धुवा. बाबांनी मला खूण केली, जवळ बोलावलं. म्हणाले, तिला वाचता येत नाही, तिला सोपं करून दे. मी तुझ्या सुनेची नेलपॉलिशची बाटली घेऊन आलो. घाईत ओघळली."

एवढं कसं माझ्या कधी लक्षात आलं नाही? हे उठू शकत नव्हते, आणि मीच तर त्यांना कुशीवर वळवत होते.

तो खाली बघून म्हणाला, "बाबा म्हणाले होते, मी बरा झालो की पुसून टाक, उगीच वीज जाईल."

मग पलंगावर बसला, बापाच्या जागी. "मीच विसरलो, आई. आणि मीच तुला बिल नाचवून दाखवतोय."

मी चहा टाकला. परत येऊन बघते तर बसल्या जागी आडवा झालेला, बूट घातलेले, तोंड उघडं. लहानपणी असाच झोपायचा. उठवलं नाही. बूट काढले. सूनबाईला फोन केला, आज इकडेच राहू दे.

६ मार्च

काल सकाळी तो उठला आणि माझ्यासमोरच त्या भाडेकऱ्याला फोन केला, घर रिकामं नाही म्हणून. तो गेल्यावर मी पलंगावरची चादर काढली. उशीकडे त्याच्या केसांच्या तेलाचा डाग होता. मशीन लावलं नाही. चादर टोपलीत टाकली आणि त्याला फोन करून सांगितलं — शनिवारी येशील तेव्हा तुझे मळके कपडे घेऊन ये, ड्रम भरत नाहीये.