वायूला स्वतःचा आकार नसतो

११ मे, रविवार

आणून टाकलं एकदाचं! बाबांनी पुलगावहून एसटीनं आर्वीला आणलं, चहा घेतला आणि निघून गेले. जाताना एवढंच म्हणाले — "केमिस्ट्री काढ. नाई तं कॉलेज बंद, सोयरीक पाहतो." बारावीत एका विषयात उडाले, तर जणू घराला आगच लावली मी!

मामा म्हणजे पुंडलिकराव सर. आयुष्यभर हायस्कुलात विज्ञान शिकवलं. रिटायर झाले, पण घरात तास सुरूच. मोबाईल त्यांच्या कपाटात, किल्ली करदोड्याला. झाली व्यवस्था.

१२ मे

अभ्यासाची खोली दाखवली. अभ्यासाची कसली, कोठीची खोली! घराच्या मधोमध, मातीच्या जाड भिंती, एकही खिडकी नाही. गव्हासाठी पत्र्याच्या रिकाम्या कोठ्या, वर दांडीला लसणाच्या माळा, एक खाट, एक पंखा.

"या उन्हात अख्ख्या आर्वीत इतकी थंडी जागा दाखव मले," मामा म्हणाले. "अन् बसायच्या आधी जमिनीवर पाणी शिंपडत जाजो."

जेवण झालं की चहापर्यंत बाहेरून कडी. मन भटकत नाही म्हणे. मन सोडा, इथं तर पायही भटकत नाहीत!

पहिला धडा — द्रव्य. ज्याला वस्तुमान असतं आणि जे जागा व्यापतं ते द्रव्य. हे मी सातवीत शिकले आहे. "तुहा पायाच कच्चा हाय," मामा म्हणाले. असेल. मीपण द्रव्यच. वस्तुमान आहे, जागा व्यापते, आणि ठेवलं तिथं पडून राहते.

१५ मे

स्थायू, द्रव, वायू. मामा शिकवतात मात्र झकास. कबूल करायला जिवावर येतं, पण शिकवतात. एका कोपऱ्यात उदबत्ती लावली, मला दुसऱ्या कोपऱ्यात उभं केलं. "वास आला का हात वर कर." थोड्या वेळानं केला. माझा हात वर झाल्यावर मग ते म्हणाले, "हं. उदबत्ती तं तिकडं हाय, वास तुयाजवळ कसा आला? वायूले स्वतःचा आकार नसते. भांडं देशीन तेवढा होते. ही खोली म्हणजे भांडं."

हे मी आता मरेपर्यंत विसरणार नाही. शाळेत असं कोणी सांगितलं असतं तर!

१७ मे

आज हसले. मामी बाजारात गेली होती आणि गॅसवर दूध. मामा तिथंच स्वयंपाकघरात पेपर वाचत बसलेले. दूध उतू गेलं, जळलं, मला बंद दाराआड करपल्याचा वास आला, पण हे आपले ढिम्म! मामी आली आणि सुरूच झाली — "नाकाखाली दूध जळून राह्यलं अन् तुमाले पेपर सुचते?" मामा म्हणाले, "लक्ष नवतं माहं."

१९ मे

मामीनं गहू भरला. चांगला कडकडीत वाळवला होता. किडा लागू नये म्हणून फडक्याच्या पुरचुंड्या करून गोळ्या टाकल्या. दरवर्षी टाकते. भरताना कोठ्या पार खाटेपर्यंत सरकल्या, आता पाय पसरायलाही जागा नाही. पाणी शिंपडलं, बसले. कडी.

आवर्त सारणी सुरू. "मूलद्रव्याचे शेजारीपाजारी पाह्यजो, म्हणजे स्वभाव समजते," मामा म्हणाले. माझ्या शेजारी गहू.

२० मे

अणूच्या आत बहुतेक सगळी जागा रिकामीच असते. नशीबवान आहे.

२१ मे

डोकं ठणकतंय. मळमळतंय. खोलीत लसणाचा उग्र वास भरलाय. मामीला सांगितलं तर म्हणते, "अवं, लसणाच्या माळा हायत नं तिथं! लसणाचा नाई तं काय मोगऱ्याचा येईन?"

मामा म्हणाले, "परीक्षा आली का पोट दुखतेच." अस्सा संताप आला! बाबांना फोन लावून द्या म्हटलं. दिला लावून. बाबा म्हणाले, "नाटकं बंद कर," आणि ठेवला. कोणाला सांगू आता? कोणालाच नाही.

२२ मे

उलटी झाली. मामी म्हणाली ऊन लागलं, पन्हं दिलं. ऊन कुठून लागेल? मला ऊन दिसतं तरी का! ओसरीत मोकळ्या हवेत बसले की बरं वाटतं. आत गेले की परत तेच. हे मामांना नीट समजावून सांगितलं, तर म्हणाले, "म्हंजे बिमारी अभ्यासाचीच हाय."

२३ मे

ठीक आहे. त्यांचीच विद्यार्थिनी आहे मी — प्रयोग केला! सकाळी लसणाच्या सगळ्या माळा काढून अंगणात नेऊन टाकल्या. मामी ओरडली, ओरडू दे. दुपारी आत गेले. वास तसाच! उलट जास्त, आणि त्यात सडक्या मासळीसारखं काहीतरी.

म्हणजे लसूण नाही.

चहाच्या वेळी कडी निघाली तशी मामीचा फळीवरचा गोळ्यांचा डबा काढला. ॲल्युमिनियम फॉस्फाइड. आवर्त सारणीत ॲल्युमिनियम तेरा, फॉस्फरस पंधरा. मध्ये सिलिकॉनचं एक घर सोडून दोघं राहतात. खाली बारीक अक्षरात — ओलावा लागल्यास विषारी वायू तयार होतो. राहत्या घरात वापरू नये. ओलावा! आणि रोज पाणी शिंपडणारी मीच.

डबा घेऊन मामांकडे गेले. म्हटलं, वायू भांडंभर होतो, तुम्हीच सांगितलं. भांडं म्हणजे खोली. खोलीत मी.

"कोठीले झाकण हाय. इतकी वर्षं टाकून राह्यलो, कोण मेलं?"

"आजवर तिथं कोणी कडी लावून बसलं होतं का, मामा? वास येतो ना!"

ते उठले, आत जाऊन आले. "कुठं हाय वास? वास-बीस काई नाई. मले केमिस्ट्री शिकवतं काय? उद्या दुपारी मी झोपतो तिथं, कडी लावून. काई झालं नाई तं परीक्षेपर्यंत तोंडातून शब्द काढू नोको."

हात धरला त्यांचा. नका जाऊ म्हटलं. झटकला.

२४ मे

गेले. उशी घेऊन गेले! मामीनं कडी लावली. मी दाराला टेकूनच बसले.

"मामा, वास येतो का?"

"नाई!"

परत विचारलं. "नाई म्हटलं नं!"

मग उत्तर उशिरा यायला लागलं. मग खोकला. मग ओकण्याचा आवाज. मी उठले, तर मामीनं मनगट धरलं — "थांब वं, रागावतीन ते." रागावू दे! कडी काढली. मामा खाटेवरून खाली पडले होते, अंग घामानं थबथब. दोघींनी ओढत अंगणात आणलं. शेजारच्या बंडूजींनी गाडी काढली, तडक सेवाग्रामचा दवाखाना.

२५ मे

मामा आयसीयूत. मलाही दाखल करून घेतलंय. डॉक्टर म्हणाले, आणखी थोडे दिवस बसली असती तर…

मामी सारखी म्हणते, "म्याच टाकल्या वं माय, म्याच." तिला रागवायचं होतं, रागवता आलं नाही. बाबा आले. डोक्यावर हात ठेवला. मी ठेवू दिला, पण तोंड भिंतीकडे केलं.

२८ मे

मामांना वॉर्डात आणलं. मामी चहा आणायला गेली तसं मला जवळ बोलावलं. आवाज एवढासा. "अंकिता, करोना झालता तवापासून मले कशाचाच वास येत नाई. दुधाचा नाई, उदबत्तीचाई नाई. तुहा हात वर झाला तवा समजलं, वास पोचला म्हणून. तुह्या मामीलेई सांगतलं नाई. तू सांगू नोको."

आणि रडायला लागले.

मी पाणी दिलं. उदबत्तीच्या वेळी त्यांना माझं नाक चाललं होतं, विषाच्या वेळी नाही!