चौथा ठोका

६ मार्च, सकाळी
आजपासून पुन्हा रोजनिशी. मागची वही जानेवारीतच थांबली, कारण पेन चांगलं नव्हतं. संकल्प तीन. साखर बंद. आवाज चढवायचा नाही. मॅडमला परत आणायचं.

तिसऱ्याचा खुलासा लिहून ठेवतो, म्हातारपणी वाचताना अडायला नको. मॅडम म्हणजे लेकीची घोडी. तपकिरी रंग, कपाळावर वाकडा पांढरा पट्टा, वागणं मुख्याध्यापिकेचं. लेक लांब नोकरीला गेली, घोडी उभ्या उभ्या खात राहिली, आणि तिच्या पागेच्या जागेवर मला पाइपांचं गोदाम हवं होतं. गेल्या थंडीत एका सज्जन माणसाला देऊन टाकली. फुकट. देणं म्हणजे देणं.

माणूस पारखायला लोकांना चौकशा लागतात, मला कान पुरतात. जिन्याखालच्या खोलीत बसून पंपांच्या मोटारी दुरुस्त करायचो तेव्हापासून बेअरिंग गेलंय का ते मी नुसत्या फोनवर ऐकून सांगतो. आज तीन मजली शोरूम आहे ते या कानांवर. तर त्या सज्जनाकडे गेलो, फाटक उघडलं, आणि बिजागरीचा आवाज नाही. तेल घातलेलं. जो फाटकाची एवढी काळजी घेतो तो जनावराला काय कमी करणार? तिथेच नक्की केलं. आत जायची गरजच पडली नाही.

काल ड्रायव्हरने बातमी आणली. म्हणाला, मालक, आपली मॅडम वीटभट्टीच्या रस्त्याला दिसली, विटांच्या गाडीला जुंपलेली. मी म्हटलं, दुसरी असेल. म्हणाला, दुसरी कशी, मी टेम्पो बंद करून ऐकलं ना. टक, टक, टक, आणि मग तो पोकळ.

आता पटलं. मॅडमचा मागचा उजवा खूर लहानपणी फुटला होता. तीन ठोके भरीव पडतात, चौथा रिकाम्या डब्यासारखा. लेक वरच्या खोलीत अभ्यास करताना तेवढ्यावरून खिडकीत यायची.

लेक २८ला येतेय. तिला मी सांगितलंय की मॅडम गुडघाभर गवतात आहे. भरपूर वेळ आहे.

दुपारी
चहात साखर घेतली. गिऱ्हाईक समोर होतं. त्याच्यादेखत नको म्हणणं बरं दिसत नाही.

८ मार्च
सज्जनाकडे जाऊन आलो. ही म्हणत होती, टेम्पो घेऊनच जा, येताना तिला घेऊनच या. समजावलं, की टेम्पो दिसला की भाव चढतो. बायकोला धंदा कळत नाही, पण स्वभावाने चांगली आहे.

फाटक अजून गप्प. बरं वाटलं. आत विटांचा चुरा, पत्र्याचं छप्पर, दोन खेचरं आणि मॅडम. छातीवर पट्टा घासून घासून केस गेलेत, खाली ओलं दिसतं. बरगड्या वर आल्यात. उतारवयात वजन कमीच असावं असं माझे डॉक्टरही म्हणतात.

तिने मला ओळखलं. मान वर, कान पुढे, आणि कुंपणाच्या आतून माझ्याबरोबर चालू लागली. टक, टक, टक, पोकळ. मी तिच्याकडे बघितलं नाही. वस्तू हवीय हे समोरच्याला कळलं की खेळ संपला. मोबाइलमध्ये बघत राहिलो. मोबाइलची बॅटरी संपली होती, पण ते त्याला कुठून दिसणार? मॅडमने कुंपणावरून मान घालून तोंड माझ्या खिशाला लावलं. पूर्वी त्या खिशात गाजर असायचं. मी दोन पावलं मागे सरकलो. जमलं.

सज्जन म्हणाला, साहेब, घोडीला भेटायला आलात वाटतं? मी म्हटलं, छे हो, घोडीचं काय, भट्टीला पंप लागेल का विचारायला आलो. त्याला खरंच पंप हवा होता! एक ऑर्डर पक्की. निघता निघता सहज विचारल्यासारखं विचारलं, ही म्हातारी अजून किती ओढेल? म्हणाला, ओढतेय तोवर ओढेल, मग बघू. आडपडदा नाही. मला अशी माणसं आवडतात.

घरी आल्यावर ही म्हणाली, घोडी कुठाय? पंपाची ऑर्डर सांगितली. ही पुढे काही बोलली नाही. कौतुक शब्दांत सांगायची तिला सवय नाही.

११ मार्च
ड्रायव्हर फार बोलायला लागलाय. म्हणे, मालक, ते फाटकाला तेल कशाला माहितीय का? तो उजाडायच्या आत गाड्या बाहेर काढतो. शेजारी ओरडायचे, झोपमोड होते म्हणून. तेव्हापासून तेल. त्याला वाटलं मी खजील होईन. मी म्हटलं, म्हणजे शेजाऱ्यांचा विचार करणारा माणूस आहे. तो टेम्पो पुसायला गेला.

१४ मार्च
डाव दुसरा. ड्रायव्हरला तिऱ्हाईत म्हणून पाठवलं. पढवून ठेवलं होतं: घोडी बघायची, नाक मुरडायचं, ही काही फार टिकत नाही म्हणायचं आणि निघायचं. मालाला नावं ठेवली की मालक खचतो.

परत आला तो तोंड पाडून. म्हणाला, मालक, खोटं बोलावंच लागलं नाही. मागचा पाय सुजलाय. चंदी पुढ्यात तशीच पडलेली. टेम्पो दारात आहे, आत्ताच्या आत्ता जाऊ. मी म्हटलं, अरे, आत्ता तर भाव पडायला लागलाय! शिवाय टेम्पोत पाइप भरलेले. ते उतरवून घोडी आणायची, पुन्हा पाइप भरायचे, हे काही व्यवहाराचं नाही.

हिने ऐकलं. म्हणाली, अहो, पत्ता द्या, माझी मी जाते, मागेल ते देते. म्हणून तर पत्ता दिला नाही. ड्रायव्हरलाही बजावलं, पत्ता तोंडातून निघाला तर नोकरी गेली. हे सांगताना आवाज जरा चढला. पण तो ठामपणा होता, राग नव्हे.

आवाजाचा संकल्प शाबूत आहे असं धरतो.

१८ मार्च
सज्जनाचा फोन! दोनदा. उचलला नाही. गरज कोणाला आहे हे शेवटी ठरलं. बेलवरूनही माणसाची निकड कळते. त्याची बेल पूर्ण वाजून थांबायची आणि लगेच पुन्हा सुरू व्हायची. घायकुतीला आलाय. येऊ दे.

१९ मार्च
सकाळपासून वाजतोय. मोबाइल उलटा करून गल्ल्यावर ठेवला आणि वर कॅल्क्युलेटर. समोरचं गिऱ्हाईक म्हणालं, अहो, घ्या की, कोणाचं काही असेल. मी हसलो. म्हटलं, लग्न जमवताना मुलीकडच्यांनी घाई करायची नसते. गिऱ्हाईकही हसलं. माणसं जोडायची तर असं बोलावं लागतं.

२० मार्च
फोन नाही. मोडला शेवटी.

उद्या जातो.

२१ मार्च
शोरूममध्ये मालाची मोजणी. मालक नसला की मोजणीत दहा घोटाळे. ही जेवताना म्हणाली, उद्या म्हणजे कधी? मी म्हटलं, उद्या म्हणजे उद्या. मोजणी आजच लागणार होती हे मला काय ठाऊक? (ठाऊक होतं, पण लक्षात नव्हतं.)

२३ मार्च
विजय!

टेम्पो घेऊन गेलो. मी तोंड उघडायच्या आत सज्जन म्हणाला, साहेब, तुम्हाला घोडी हवी ना? घेऊन जा की. मी भाव सांगितला, तोही मुद्दाम पाडून. त्याने एका शब्दात मान्य केला. आयुष्यात एवढा सोपा सौदा केला नाही. न उचललेल्या फोनांची किंमत आज वसूल झाली.

मॅडम धुऊन, खरारा करून तयार होती. तब्येत पुष्कळ सुधारलीय. छातीवरचं भरून आलंय, केससुद्धा उगवलेत. मागच्या पायाची सूज नाही. कपाळावरचा पट्टा सरळ वाटला, पण तिथे उजेड कमी होता. माझ्याकडे तिने बघितलं नाही. मी मागच्या वेळी बघितलं नव्हतं, तो राग असणार. मानी घोडी आहे.

वाटेत ड्रायव्हर म्हणाला, मालक, ही... मी म्हटलं, रस्त्याकडे बघ. थोड्या वेळाने म्हणाला, मालक, एकदा तिथं पुन्हा... मी म्हटलं, रस्त्याकडे बघ.

२४ मार्च
पागा राहिलेली नाही, तेव्हा घोडी गोदामात, पाइपांच्या मधल्या वाटेत बांधलीय. फरशीवर आवाज छान घुमतो. टक, टक, टक, टक. खूर बरा झालेला दिसतो. मोकळ्या हवेचा परिणाम.

ही सकाळी गाजर घेऊन गेली. घोडीने हुंगलं आणि तोंड फिरवलं. ही बराच वेळ तिच्यासमोर उभी होती. मग माझ्याकडे वळून म्हणाली, अहो, ही कोण? मी म्हटलं, कोण म्हणजे? मॅडम. ही म्हणाली, बरं. आणि गाजर घेऊन घरात गेली. जेवायला गाजराचीच भाजी होती.

२७ मार्च
लेक उद्या येतेय. गोदाम झाडून घेतलं. घोडीला मॅडम म्हणून हाक मारायचा सराव करतोय. माझा नव्हे, तिचा. अजून वळत नाही. जागा बदलली की जनावरं बावचळतात.

२८ मार्च
लेक आली. बॅग दारातच टाकून गोदामात धावली. मी मागोमाग. दारातून तिने जिभेने तो जुना आवाज काढला, चक् चक् करून, मॅडमला बोलवायची तसा. घोडी पाणी पीत राहिली.

लेक पुढे गेली, खाली वाकली, मागचा उजवा पाय उचलून खूर हाताने चाचपला. मग दोरी सोडून तिला शेवटच्या पाइपांपर्यंत चालवलं आणि परत आणलं. तेवढा वेळ तिने डोळे मिटले होते. मी बोलत होतो. मोकळी हवा, विश्रांती, उत्तम माणूस, फाटकाला तेल. ती म्हणाली, बाबा, थांबा ना जरा.

थांबलो.

मग बाहेर जाऊन तिने ड्रायव्हरला विचारलं, काका, तुम्हाला माहितीय ना ती कुठे होती? त्याने माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. टेम्पोचं दार उघडलं.

२९ मार्च
लेक काल अंधार पडता पडता परत आली. माझ्याशी नाही बोलली. स्वयंपाकघरात आईशी बोलत होती, हळू. मी बाहेरच्या खोलीत होतो. मधली भिंत जाड आहे. माझ्या कानांपुढे तिचं काही चालत नाही.

मॅडम सतरा तारखेला भट्टीच्या वाटेवर बसली. गाडी सोडवून घेतली, तिला कसंबसं अंगणात आणलं, तिथे पुन्हा बसली ती उठलीच नाही. तो माणूस म्हणाला, ताई, तुमच्या वडिलांना किती फोन लावले. कशाला म्हणून विचारलं तर म्हणाला, कशाला म्हणजे, घेऊन जा म्हणायला. पैसे कसले मागतोय मी मरायला टेकलेल्या जनावराचे? औषधपाणी तुमच्याकडे झालं असतं. दोन दिवस फाटकाकडे तोंड करून बसली होती. एकोणीसला दिवस मावळता गेली.

ही म्हणाली, आणि मग दुसरी घोडी का दिली त्याने? लेक म्हणाली, मीही तेच विचारलं. म्हणाला, साहेब आले होते ना एकदा, ती जवळ आली तरी त्यांनी मान वर करून बघितलं नाही. मला वाटलं, यांना कुठलीही चालेल.

मग भांड्यांचा आवाज.

३० मार्च
लेक सकाळी गेली. रजा आठवड्याची होती. आवाज चढवला नाही. तिनेही नाही.

निघताना गोदामात गेली, घोडीच्या मानेवरून हात फिरवला. माझ्याकडे न बघता म्हणाली, बाबा, हिचा काही दोष नाही. हिला नीट ठेवा. नाव काय ठेवलंत? मी दोरीची गाठ सोडून पुन्हा बांधू लागलो. ती थोडी थांबली. मग गेली.

घोडी गोदामात येरझाऱ्या घालतेय. चारही ठोके सारखे. पहिल्या दिवशीही सारखेच होते.

दुपारी खिशात गाजर घालून गेलो. बराच वेळ जवळ उभा राहिलो. तिला माझा खिसा माहीत नाही.