परी घराण्यातून मी फुटलेले नाही

वली, हा कागद तू कपाटात जपून ठेवशील आणि कुठलं कपाट ते विसरशील, म्हणून साजिदा याची एक प्रत फ्रीजच्या दारावर चिकटवणार आहे. चष्मा तुझ्या डोक्यावर आहे. खाली घे आणि वाच.

मी, रुकय्या शहाबुद्दीन परकार, वय चौऱ्याहत्तर, मूळ राहणार बाणकोट, जिल्हा रत्नागिरी, सध्या मुक्काम मुलाकडे, वलीकडे, देरा, दुबई, पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्या दडपणाशिवाय हे मृत्युपत्र करते. मला अक्षर येत नाही. मी बोलते, सून साजिदा लिहिते. ती मधेच हसते, तेही लिही म्हटलं.

एक. वलीची बदली इथून चार तासांवरच्या रुवैसला झाली. तिथे घर लहान आणि माझे गुडघे मोठे, म्हणून मी बाणकोटला मुलीकडे, शमीमकडे, राहायला चालले. हे सगळ्यांना मान्य आहे, फक्त नऊ वर्षांच्या नातीला, इनायाला, नाही. तिकीट काढल्यापासून ती माझ्याशी बोलत नाही. आईच्या हाती निरोप धाडते, "टेल दादी, शी इज अ ट्रेटर." म्हणजे गद्दार.

आरोप साधा नाही, कारण मी शपथ घेतलेली बाई आहे. नवा फ्रीज आला तेव्हा त्याच्या खोक्याचा परीमहाल झाला आणि इनाया चांदणी घराण्याची राणी. घराण्यात यायचं तर इमानाची शपथ. "चंद्राची कसम घे," म्हणाली. मी म्हटलं, "राणीसाहेब, कसम फक्त अल्लाहची, आणि ती खेळात घेत नाहीत." तिने विचार केला. "ओके, प्रॉमिस. बट नो लाफिंग, दादी!" मग तिच्या चमकीच्या नेलपॉलिशमध्ये बुडवून माझा अंगठा खोक्यावर उमटवला. अटी अशा: घराण्यावर संकट आलं की पंख लावून हजर व्हायचं. माझं जे काही ते सगळं घराण्याचं. आणि घराण्याचं अन्न खाल्लं की माणूस कायमचा घराण्याचा. अन्न म्हणजे खुबूसच्या रोटीवर त्रिकोणी चीज. मी दुसऱ्यांदा मागून खाल्लं.

दोन. "सगळं घराण्याचं" इथे अडचण आहे. शरियतप्रमाणे मृत्युपत्राने फार तर तिसरा हिस्सा देता येतो, बाकी वारसांचा. हे मी राणीला तेव्हाच सांगितलं. ती म्हणाली, "फेअरीज डोन्ट डू फ्रॅक्शन्स." पण दादी करते. बाणकोटचं घर आणि बाग वली-शमीमने नियमाप्रमाणे वाटून घ्यावी, भांडल्यास मी स्वप्नात येईन. तिसऱ्या हिश्श्यातून इनायाला माझी सोन्याची साखळी, विहिरीजवळचं हापूसचं कलम आणि शिलाई मशीन. पंख याच मशीनवर शिवले, राणीच्या हुकमाने, वलीच्या पांढऱ्या शर्टाचे. वली, शर्ट लाँड्रीवाल्याने हरवला नव्हता. त्याची माफी माग.

तीन. नणंद तहसीनने शमीमच्या लग्नात नेलेली बिर्याणीची डेग अजून परत दिलेली नाही. मी तिला सगळं माफ केलं आहे, डेग सोडून.

चार. गद्दारीबद्दल. इनाया, जायचं नाही अशी अट नव्हती, हजर व्हायची होती. रुवैसच्या नव्या शाळेत कोणी बोललं नाही तर ते संकट धरावं आणि व्हिडिओ कॉल लावावा. मी पंख लावून बसेन. शमीमच्या शेजारणी हसल्या तर हसू देत.

साजिदा, थांब, हेही लिही. मी निळ्या शाईत अंगठा बुडवला आणि राणी खोलीतून बाहेर आली. हातात नेलपॉलिश. "दॅट कलर इज सो बोरिंग, दादी." एवढ्या दिवसांनी ती माझ्याशी बोलली. म्हणून खाली दोन अंगठे आहेत, निळा कायद्यासाठी, चमकीचा घराण्यासाठी. साजिदा आता हसत नाही.

अंगठा: रुकय्या शहाबुद्दीन परकार
साक्षीदार: जहूर (शेजारी), फहद (जहूरचा भाऊ)
ठिकाण: देरा, दुबई. सोळा जानेवारी दोन हजार पंचवीस.

सह्या झाल्यावर राणीने विचारलं, "हाऊ लाँग डझ द चीज लास्ट?" खाल्लेलं चीज किती दिवस पुरतं, ते मलाही माहीत नाही. म्हणून जोखीम नको. इथून कोणीही बाणकोटला निघालं की त्याच्या बॅगेत खजूर भरू नका, खजूर सगळेच पाठवतात. खुबूस पाठवा, त्रिकोणी चीज लावलेलं, आणि ते इनायानेच लावलेलं असावं. शिळं झालं तरी चालेल.