तिसऱ्या पानावरची सही

मंगळवार, ११ फेब्रुवारी

वहिनी,

नमस्कार. मी बरी आहे. गुडघे सोडले तर बाकी सगळं जागच्या जागी आहे. तुमचे डोळे कसे आहेत हे विचारत नाही, कारण तुम्ही 'ठीक' म्हणणार आणि तुमची मोठी मागून मान हलवणार. थेंब वेळेवर घालत जा. पत्र तीच वाचून दाखवणार, म्हणून अक्षर ठळक काढते आहे. मोठे, सावकाश वाच. काही गाळू नकोस. लहानपणी तू धड्यातले कठीण परिच्छेद गाळायचीस, मला माहीत आहे.

परवा तुम्ही फोन मध्येच ठेवलात, म्हणून लिहिते. मोठीला यातलं काही ठाऊक नाही, तेव्हा पहिल्यापासून सांगते.

आमच्या विद्यापीठातल्या मुलांच्या वृत्तपत्राला, 'मागचा बाक'ला, यंदा पन्नास वर्षं होतात. आत्ताची संपादक एकवीस वर्षांची मुलगी आहे. केस आखूड, बोलणं त्याहून आखूड. घरी आली आणि म्हणाली, "मॅडम, पहिल्या पाचांपैकी तुम्ही दोघीच उरल्यात. इतिहास तुम्ही लिहा." मी हो म्हटलं. शाळेतून निवृत्त झाल्यापासून मला कुणी काम सांगत नाही. सगळे विश्रांती सांगतात.

सुरुवात सोपी गेली. विद्यापीठाचं एक मासिक होतं. त्याचे सल्लागार प्राध्यापक प्रत्येक ओळ आधी वाचायचे, आणि वसतिगृहाच्या नळांना पाणी नाही एवढी बातमीसुद्धा काढून तिथे सूर्यास्ताचं चित्र टाकायचे. तिसरा सूर्यास्त छापून आला तेव्हा आम्ही पाच जण बाहेर पडलो. सायकल दुरुस्तीच्या दुकानावरची खोली मिळाली. जिना इतका अरुंद की टेबलाचे पाय कापून ते वर न्यावं लागलं, आणि परत जोडल्यावर ते कायमचं लंगडलं. खालून दिवसभर चाकं ठोकल्याचा आवाज, वर आम्ही एका शब्दावरून तासतासभर भांडतोय. बातम्या आणायची तुझी आई, मोठे. पायाला भिंगरी, म्हणून नावही भिंगरी. शिपाई, माळी, कारकून, सगळे तिच्याशी बोलायचे. माझ्याशी कुणी बोलायचं नाही, म्हणून मी लिहायची.

नियम मी केला होता. प्रत्येक पानाचा कच्चा कागद टेबलावर ठेवायचा, पाचही जणांनी तो शेवटपर्यंत वाचायचा आणि कोपऱ्यात सही करायची. एक जरी सही नसेल तरी पान छापायला जायचं नाही. विद्यापीठाचा एक माणूस डोक्यावर नको होता, म्हणून आम्ही पाच जण एकमेकांच्या डोक्यावर बसलो. भिंगरी म्हणाली होती, "हिला आत्ताच हेडमास्तर करून टाका." पुढे झालेच.

पुढची पंधरा पानं मी झरझर लिहिली. विद्यापीठाने दोनदा खोली देऊ केली, आम्ही नाकारली. वाचकांची पत्रं, शिव्या, एक अंक जाळला गेला तो, सगळं. मात्र एकतिसाव्या अंकानंतर सात महिने अंकच निघाला नाही. तिथे मी लिहिलं, 'काही अडचणींमुळे प्रकाशन थांबले.' त्या मुलीने ते वाचलं आणि कागद माझ्यापुढे परत सरकवला.

"कसल्या अडचणी?"

"जुन्या."

"मॅडम, आमच्याकडे कुणी असं लिहून आणलं तर आम्ही परत पाठवतो."

आयुष्यभर मी मुलींच्या वह्यांवर हेच लिहिलं होतं. मी कागद परत उचलला.

वहिनी, इथून पुढे मी तुला 'तू' म्हणणार आहे. माझ्या आईसमोर बरं दिसत नाही म्हणून तुझ्या लग्नानंतर आपण एकमेकींना 'तुम्ही' म्हणायला लागलो, आणि मग ते फार सोयीचं झालं.

परीक्षा विभागाचे प्रमुख उत्तरपत्रिका घरी नेऊन आपल्या विद्यार्थ्यांकडून तपासून घेतात, ही बातमी तू आणली होतीस. एका कारकुनाने सांगितली होती. 'मी ओळखू येईन असं एक अक्षर येणार नाही,' असा शब्द तू त्याला दिला होतास. बातमी मी लिहिली. पान तयार झालं त्या दुपारी तुझ्या आईच्या डोळ्यांचं ऑपरेशन होतं आणि तू बाराच्या बसने गावी गेली होतीस. छापखानेवाले काका म्हणाले, "चारला मशीन लग्नपत्रिकांना जाणार. तुमची क्रांती मग पुढच्या आठवड्यात." आणि मी तिसऱ्या पानाच्या कोपऱ्यात तुझी सही केली. बाकी तिघे सह्या करून खाली चहाला गेले होते. मला वाटलं, बातमी वाचली असतीस तर केलीच असतीस.

केली नसतीस. बातमीला वजन यावं म्हणून मी आयत्या वेळी एक वाक्य घातलं होतं, 'गठ्ठ्यांची नोंद ठेवणाऱ्या कर्मचाऱ्याने सांगितले.' ती नोंद ठेवणारा अख्ख्या विद्यापीठात एकच माणूस होता. मला ते माहीत नव्हतं. तुला होतं. तू ते वाक्य खोडलं असतंस. त्यासाठीच तर पाच सह्या होत्या.

त्याची नोकरी गेली. चौकशी समितीसमोर त्याने तुझं नाव घेतलं. त्यांनी तो कच्चा कागद तुझ्यापुढे धरला आणि विचारलं, "वाचून सही केलीत?" मी दाराशी उभी होते. तू माझ्याकडे बघितलंस. मग म्हणालीस, "हो. माझीच आहे." तुला विद्यापीठातून काढून टाकलं, आम्हा चौघांना लेखी ताकीद मिळाली. त्या वर्षी मी पदवी घेतली. भाड्याचा काळा झगा मला ढगळ होत होता, तो तू टाचून दिलास. तोंडात टाचण्या धरून बसली होतीस, म्हणून आपल्याला बोलावं लागलं नाही.

पुढे दादाशी लग्न करून तू आमच्याच घरात आलीस. मी शाळेची मुख्याध्यापिका झाले आणि तू तीस वर्षं शिवणयंत्रावर काढलीस. दादा म्हणायचा, "घरात दोन पत्रकार, आणि बातमी एक नाही." आपण दोघी हसायचो. तो कारकून एका गोदामाच्या दारात रजिस्टर घेऊन बसायचा. तू त्याला भेटायला गेलीस तर तो उठून आत निघून गेला. हे तू मला भाजी निवडता निवडता सांगितलंस, आणि मान वर केली नाहीस. मी काय केलं? शेंगा सोलल्या.

मोठे, थांबू नकोस. वाच.

गेल्या आठवड्यात मी विद्यापीठात गेले होते. लेखी कबुली टाइप करून नेली होती. माझ्यावर काय ती कारवाई करा, तिच्यावरची रद्द करा आणि तिची पदवी तिला द्या, एवढंच. खिडकीतल्या बाई फार चांगल्या होत्या. त्यांनी खुर्ची दिली, दोन तास शोधलं, मग म्हणाल्या, "मॅडम, तीस वर्षांनंतर आम्ही फायली नष्ट करतो. यांना काढल्याची नोंदच नाही आमच्याकडे."

"मग द्या पदवी."

"पण परीक्षा दिल्याचीही नोंद नाही ना."

"मी सांगते आहे ना, मी गुन्हा केलाय!"

"कुठला गुन्हा, मॅडम? काही झालेलंच नाही." आणि त्यांनी मला पाणी दिलं.

नऊशे मुलींची शाळा मी एका नजरेवर चालवली. त्या खिडकीपुढे मला काही म्हणजे काही करता आलं नाही. कागद घडी घालून पर्समध्ये ठेवला आणि घरी आले.

म्हणून तुला फोन केला. निदान इतिहासात खरं जावं, एवढंच उरलं होतं. ती मुलगी म्हणते, दोघींनी सांगितल्याशिवाय छापणार नाही. बरोबर आहे तिचं. आणि तू म्हणालीस, "कुठलं काय काढताय, वन्सं? सही माझीच होती."

"तू तेव्हा बसमध्ये होतीस, भिंगरी!"

"असेन. समितीसमोर एकदा सांगितलं ते सांगितलं. तुम्हाला आता हलकं व्हायचंय, व्हा. पण ती सही माझी नव्हती असं आज म्हटलं, तर मी एवढी वर्षं काय केलं? त्या माणसासमोर खाली मान घालून उभी राहिले ती कशासाठी?" आणि फोन ठेवलास.

तू खोटं बोलते आहेस, आणि ते खोटं तुझं आहे. मला ते काढून घेता येत नाही. शुक्रवारी मजकूर छापायला जाईल. त्या सात महिन्यांबद्दल एक ओळ असेल: 'कारणाविषयी संस्थापकांत एकमत नाही.' ओळ त्या मुलीची आहे. मी बदलायला सांगितलेली नाही.

क्षमा मागत नाही. तू ती देशील, लगेच देशील, आणि मग आपण पुन्हा थेंबांबद्दल बोलू.

मोठे, एवढं वाचून झालं की पत्र आईच्या हातात दे आणि खोलीच्या बाहेर जा. ती काय म्हणाली ते मला कळवू नकोस. मला यायला सांगितलं, तरच फोन कर.

वहिनी, मी तुझी कोण म्हणून खाली लिहू ते मला ठरवता येत नाही. म्हणून जे नातं मी बिघडवलेलं नाही तेवढंच लिहिते.

मोठीची,
आत्या