खोटारड्या लॅपटॉपची सुधारणा

३ नोव्हेंबर, सोमवार
माझे वडील, दादा, एकदा म्हणाले होते, नीले, बिघाड झाकायचा न्हाई, मुळासकट काढायचा. आकुर्डीच्या कारखान्यात जन्म काढलेला माणूस. मी चाकणला क्वालिटीत आहे ती त्या एका वाक्यावर. पार्ट चुकला की लाल टॅग, मग पाच वेळा ‘का’. पाचव्या ‘का’ला माणूस रडकुंडीला येतो, पण कारण सापडतं.
आज मिनलच्या लॅपटॉपला टॅग लावला. शुक्रवारी दहाला लेकीचा ऑनलाइन इंटरव्ह्यू. बंगळुरूची ही एकच नोकरी तिला हवी आहे, आणि लॅपटॉप अट्टल खोटारडा.

४ नोव्हेंबर
मिनलने समजावलं. लॅपटॉपमध्ये फर्मवेअर असतं, सगळ्यात आधी जागं होणारं. ऑपरेटिंग सिस्टिमला आतली खबर तेच देतं. आमचं सांगतं, झाकण बंद आहे. समोर माणूस बसलाय, तरी बंद. बॅटरी मरायला टेकली तरी नव्वद टक्के.
मी म्हटलं, मग सिस्टिम तक्रार करत असेल. नाही म्हणे. कुठलं मॉडेल कशाबद्दल खोटं बोलतं हे तिला ठाऊक असतं. तेवढं ऐकायचं नाही आणि गप काम चालवायचं. या मॉडेलचं तिला ठाऊक नव्हतं, म्हणून मिनलने स्वतः दोन सेटिंग्ज घातली.
इतकी पडखाऊ वस्तू मी पाहिली नाही. माझ्या लाइनवर असती तर पहिल्याच दिवशी घरी पाठवली असती. बुद्धरत्न म्हणाला, अगं, संसार असाच चालतो. नवऱ्याला प्रत्येक गोष्टीत संसार दिसतो.
मधे ‘आलेच’ म्हणून शेजारी गेले. परत येते तो दोघं जेवून मोकळे. या घराला शिस्त नाही.

५ नोव्हेंबर
नवीन फर्मवेअर साइटवर मिळालं. उद्या गुरुवार, कंपनीला सुट्टी.
मिनल म्हणाली, मम्मी, इंटरव्ह्यू होईपर्यंत हात लावू नकोस. मी म्हटलं, नाही लावत. हे खोटं नव्हे. बोलताना खरंच लावणार नव्हते.

६ नोव्हेंबर, गुरुवार
मिनल कॉलेजला. आधी तिची दोन्ही सेटिंग्ज काढली. सांभाळून घेणं बंद. बॅटरी नव्वद टक्के. लॅपटॉप स्वयंपाकघरात ओट्यावर ठेवला, चार्जर लावून अपडेट सुरू केलं.
तेवढ्यात शेंगदाण्याची चटणी आठवली. ओट्यावर प्लग एकच. नव्वद टक्के आहे म्हटल्यावर चार्जर काढला, मिक्सर लावला.
स्क्रीन काळी.

दुपारी
अजून काळी. चटणी उत्तम झाली आहे.

संध्याकाळी
रिपेअरवाला ज्योतीराम म्हणतो, आठवडा लागेल ताई. मिनल ओरडली नाही. एवढंच विचारलं, मिक्सर का? पाचातला पहिलाच ‘का’. त्यालाच मी रडकुंडीला आले.
पण सांगितलं, सकाळी कंपनीतला लॅपटॉप घेऊन साडेनऊला घरात हजर. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. भरून आलं असावं.

७ नोव्हेंबर, शुक्रवार
तळेगाव चौकात कंटेनर आडवा. लॅपटॉप बाहेर न्यायला गेटपासवर सही लागते, आणि सहीवाले साहेब नाश्त्याला. पिंपळे सौदागरला घरी पोचले तेव्हा पावणेअकरा. लिफ्टमध्येच रडू फुटलं.
मिनल केस विंचरत होती. टेबलावर तिच्या मैत्रिणीचा, आम्रपालीचा, लॅपटॉप.
विचारलं, संपला?
अकराला आहे, म्हणाली. दहा तुझ्यासाठी.
बुद्धरत्न म्हणाला, तू आणते म्हणालीस ना, म्हणून रात्रीच हा आणून ठेवला. वेळ तर तुला कायम तासभर आधीचीच सांगतो. लग्नाची, डॉक्टरची, सगळी.
केव्हापासून, मी विचारलं.
मिनल म्हणाली, दुसरीतल्या गॅदरिंगला तू पोचलीस तेव्हा माझा नाच होऊन गेला होता. तेव्हापासून. आणि पाणी आणून दिलं. रागावलेलीही नव्हती.
दाराबाहेर बसून इंटरव्ह्यू ऐकला. छान बोलली. जाणार ती.

आतून जेवायला हाक आली. ‘आलेच’ म्हटलं. ताटं वाजायला लागली आहेत, म्हणजे माझी वाट कुणी पाहत नाही. आता उठते. काय म्हणतील ते ठाऊक आहे, तरी विचारणार आहे: मिनल बंगळुरूला निघेल, निदान त्या गाडीची खरी वेळ मला सांगाल का?