उजवा हात प्लास्टरमध्ये

धायरी, पुणे
२ नोव्हेंबर २०२५

ती. हिराआत्यास,
सप्रेम सलाम वि. वि.

अक्षर ओळखीचं वाटणार नाही. ते खालच्या मजल्यावरच्या रझियाताईंचं आहे. त्या शाळेत मराठी शिकवतात. मंगळवारी जिन्यात घसरून माझं उजवं मनगट मोडलं. प्लास्टर सहा आठवडे. फोनवर तुला ऐकू येत नाही, म्हणून मी सांगते आहे आणि त्या लिहीत आहेत. काळजी करू नकोस, सगळं नीट चाललं आहे.

मुख्य विषय वेगळा. तेवीस तारखेला चर्चमध्ये माझं दृढीकरण आहे, बाप्तिस्म्याचं वचन आता मी स्वतः द्यायचं, आणि मी ते पुढे ढकलायचं म्हणते. बिशपसाहेब विचारतील, ख्रिस्ताच्या मागे शेवटपर्यंत चालशील का, आणि मी म्हणायचं, देवाच्या साहाय्याने चालेन. मी सॉफ्टवेअर तपासते. जे तपासलं नाही त्यावर सही करत नाही. उद्याचा विश्वास आज कसा तपासणार? आणि देवाच्या साहाय्याने म्हणणं मला जबाबदारी दुसऱ्या विभागाकडे ढकलल्यासारखं वाटतं. दोन वर्षांपूर्वी बाबा गेल्यापासून मी स्वतःच्या भरवशावर उभी आहे आणि ते जमलं आहे. तू माझी धर्ममाता, म्हणून पाळकसाहेबांच्या आधी तुला कळवते.

लोभ आहेच, तो कारणं न विचारता राहू दे.
तुझी,
निकिता

ता. क. हे निकिताने सांगितलेलं नाही, मी रझिया लिहिते. तिचं नीट चाललेलं नाही. पाच दिवस केस धुतलेले नाहीत, कोरडा ब्रेड खाते आणि मी डबा नेला की दारातूनच थँक्यू म्हणून परत पाठवते. पाकीट बंद करायचं कामही माझ्याकडेच आहे, म्हणून हे जमलं.

लोणी काळभोर
६ नोव्हेंबर

चि. निकितास,
अनेक आशीर्वाद.

पत्र पोचलं, ताज्या कलमासह. रझियाबाईंना माझा सलाम सांग. शेवटपर्यंत न तपासता तू काही पाठवलंस, हे तुझ्या साहेबांना कळू देऊ नकोस.

दृढीकरण पुढे ढकललंस तरी मी रागावणार नाही. फक्त एक ऐक. तुझ्या बाप्तिस्म्याला तुला हातात घेऊन मीही हेच म्हणाले होते, देवाच्या साहाय्याने हिला विश्वासात वाढवीन. तू ओरडत होतीस, मी घाबरलेली होते, तपासलेलं काहीच नव्हतं. तुझे बाबा, माझा भाऊ, गेले तेव्हा तर मला स्वतःलाच प्रार्थना करता येईना. आमच्या मंडळीतल्या वेणूबाई रोज शेजारी येऊन बसायच्या आणि माझ्या वाट्याची प्रार्थना करायच्या. तीन महिने. मी फक्त आमेन म्हणायचे, तेही कधी कधी. माझं वचन असं पाळलं गेलं, दुसरीच्या तोंडून.

आता एक कर. केस धुऊन द्या म्हणून रझियाबाईंना सांग. हे निवृत्त नर्स म्हणून सांगते, धर्ममाता म्हणून नाही. डोक्याला खाज सुटली की माणसाला देवाचा विचार नीट करता येत नाही.

माया आहे, ती तशीच राहील.
तुझी,
हिराआत्या

धायरी
१२ नोव्हेंबर

ती. हिराआत्यास,
सप्रेम सलाम वि. वि.

तो ताजा कलम मला तुझ्या पत्रातून कळला. रझियाताईंना जाब विचारला, तर त्यांनी शुद्धलेखनाची चूक सापडली का, एवढंच विचारलं. दोन दिवस त्यांचा डबा दारातूनच परत पाठवला. तिसऱ्या दिवशी खाली जाऊन बेल वाजवली. वाक्य तयार करून गेले होते, तोंडातून 'केस' एवढंच निघालं. त्यांनी पाणी तापवलं, दोनदा धुतले आणि सगळा वेळ माझ्या शाम्पूला नावं ठेवली. मान मागे टाकून बसले असताना मला रडू आलं. डोळ्यांत फेस गेला असं सांगितलं. (हेही त्याच लिहीत आहेत, त्यामुळे ते खोटं आता उघड झालं.)

तिथेच, खुर्चीत, दोन वर्षांनी प्रार्थना केली. मला एकटीला जमत नाही, एवढीच. उत्तर आलं असं मी म्हणणार नाही. हलकं वाटलं, हे नोंदवते.

पाळकसाहेबांना काही कळवलेलं नाही. तेवीसला उभी राहीन. तुझा दुखरा गुडघा मानत नसेल तर येऊ नकोस, सगळं कळवीन. प्रार्थनेत आठवण ठेव, लोभात तर ठेवच.
तुझी,
निकिता

धायरी
२३ नोव्हेंबर

ती. हिराआत्यास,
सप्रेम सलाम वि. वि.

झालं. बिशपसाहेबांनी विचारलं आणि मी देवाच्या साहाय्याने चालेन म्हणाले. आवाज स्थिर होता.

मग माझं पहिलं प्रभुभोजन. भाकर घ्यायला दोन्ही तळहात एकावर एक धरतात. माझा एकच मोकळा. तळव्यावरून भाकर थेट ओठांनी उचलायचा सराव मी चार दिवस बिस्किटाच्या तुकड्यांवर केला होता. वीसपैकी अठरा वेळा जमलं. वेदीपाशी गुडघे टेकले, डावा हात पुढे केला. पाळकसाहेबांनी प्लास्टरकडे पाहिलं, माझा हात हळूच खाली केला आणि लहान मुलीला भरवावं तशी भाकर तोंडात ठेवली. मला हसू आलं, आत्या. तिथेच, वेदीसमोर, आणि ते थांबेना.

मागच्या बाकावर रझियाताई होत्या. त्यांना वाटलं ठसका लागला. त्या पाण्याची बाटली घेऊन सरळ पुढे आल्या. कोणी अडवलं नाही. मी आधी द्राक्षारस घेतला, मग पाणी.

तुझ्या लोभात राहू इच्छिणारी,
निकिता