बाळापूरची दुरुस्तीवाली

प्रिय प्रतिक्षा,

गाडीवरून आधी उतरला तो बाप, पोरगी मागून उतरली. गाडी पोरगीच चालवत होती, म्हणून मागं बसलेला आधी उतरणार हे बराबर आहे, पण मला तिथंच खटकलं. दुरुस्ती करणार पोरगी, तर बाप काहून संग? ती हेल्मेट काढून पाठीवरची पिशवी सावरत उभी, अन् हा माणूस दारातच थांबून आपल्या घराकडं असा बघून राहिला, जसं बाजारात बैलाचे दात बघतात. भिंत बघितली, पत्रं बघितली, वरची पाण्याची टाकी बघितली. मग म्हणला, राम राम, मी भागवतराव, ही माझी मंजुषा, आमी आखाडा बाळापूरहून आलो, कंप्युटर बघायचा आहे. मी म्हणलं, कंप्युटर आत आहे, टाकीत न्हाई. तो हसला. हसणाऱ्या माणसाला तर जास्तच जपून राहावं, असं तुझा आजा म्हणायचा.

आता तुला अर्धं माहीत आहे, तरी मी माझ्या तोंडानं सांगते. मागच्या आठवड्यात तू पुण्यात बसून आपल्या कंप्युटरात शिरलीस. पडद्यावरचा बाण आपोआप पळायला लागला की मला अजून वाटतं त्याच्या अंगात आलं, पण ते जाऊ दे. जुनी सिस्टीम आता चालायची न्हाई, नवी टाकते म्हणलीस, अन् टाकलीस. दुसऱ्या दिवशी सकाळी बघतो तर इंटरनेट गायब. इंटरनेटच्या डब्यावरचा हिरवा दिवा चालू, तुझ्या आईच्या फोनवर सगळं चालू, अन् कंप्युटर म्हणतो मला काहीच दिसंना. त्यामुळं तुलाही आत शिरता येईना. समोरच्या खोलीत तुझ्या भावाकडं फार्म भरायला आलेले सातबाऱ्यावाले अन् दाखल्यावाले खोळंबून बसलेले. स्वप्निलनं बंद करून चालू केला, वायर काढून लावली, डबा उचलून खिडकीत ठेवला. तुझा बाप म्हणला, वरून जरा थापट. त्याला अजून रेडिओच वाटतो तो. मग तू फोनवर काय म्हणलीस? अय्याजला बोलवू नका, त्याला नव्या सिस्टीमचं जमत न्हाई, बाळापूरला एक दुकान आहे, मी त्यांना धाडते. अगं, नासेरचा अय्याज आपल्या गल्लीच्या तोंडाशी दुकान घालून बसलाय, निम्म्या डोंगरकडा गावाचे कंप्युटर त्याच्या हाताखालून गेलेत, अन् तू पुण्यात बसून परगावचा माणूस धाडतीस. मी तेव्हाच मनात म्हणलं, ह्यात काहीतरी आहे.

म्हणून मी तुरीची डाळ घेऊन खोलीच्या दारातच बसले. डाळ निवडलेलीच होती, परत निवडली. कपाटाची किल्ली कमरेला होती, तरी दोनदा चाचपली. पोरीनं काय केलं, पिशवीतून एक वायर काढली, एक टोक तिच्या फोनात घातलं अन् दुसरं आपल्या कंप्युटरात. मी म्हणलं, बाई, आमचं काय ओढून राहिलीस तुझ्या फोनात? ती म्हणली, आजी, ओढून न्हाई, देऊन राहिले. तुमची सिस्टीम नवी अन् वायफायचा तुकडा जुना. नवीला जुन्याची ओळखच पटंना. ती ओळख करून देणारी फाईल माझ्या फोनच्या नेटवरून उतरवून घेते. मग माझ्याकडं बघून म्हणली, नवी सून घरात आली अन् तिला कोणता डबा कुठं हेच ठावं नसलं, तर कुणीतरी सांगावंच लागतं की न्हाई? आता मला सांग, दुरुस्तीला आलेल्या पोरीला सगळं जग सोडून सुनेचंच उदाहरण काहून सुचावं?

वायफाय आलं, पण अपडेट काही बसंना. थोडं पुढं जायचं अन् लाल अक्षरं दाखवून परत फिरायचं. स्वप्निल म्हणला, आमच्याकडचं नेटच मरतुकडं आहे. ती म्हणली, नेटला नावं ठेवू नका, आधी घड्याळ बघा. बघतो तर कंप्युटरातलं साल कधीचं मागं पडलेलं. आतला बारका सेल संपलाय म्हणं, लाईट गेली की तारीख मागं पळते, अन् तारीख चुकली की कोणतीच वेबसाईट दारात उभं करत न्हाई, अपडेट तर लांबच राहिलं. ती म्हणली, रोज समोर बसता, तुमाला दिसलं न्हाई का हो? तुझा भाऊ म्हणला, आमी शेतकरी माणसं, आमाला तारीख कळत न्हाई, नक्षत्र कळतं. ती म्हणली, मग तारखेच्या जागी मघा टाकू का आश्लेषा? अन् प्रतिक्षा, स्वप्निल हसला गं. दात दिसले त्याचे.

तू पुण्यात असतीस, तुला त्याचं घरातलं तोंड दिसत न्हाई. तीन ठिकाणी पोरगी बघायला गेला अन् तिन्ही ठिकाणी एकच पालुपद, पोरगा चांगला आहे, पण नोकरी न्हाई. शेवटच्या घरी तर पोरीचा मामा त्याच्यासमोरच म्हणला, शिपाई असता तरी दिली असती. तेव्हापासून सोयरिकीचं नाव काढलं की ताटावरून उठतो. मला स्पष्ट म्हणला, आजी, आता कुणाच्या दारात मी दाखवायला जाणार न्हाई, मी काय पोळ्याचा बैल आहे का? त्याचं बी खरं आहे. पण मी डोळे मिटायच्या आधी ह्या घरात त्याच्याशी भांडायला कुणीतरी यावं, एवढंच मला पाहिजे. त्यापुढं कंप्युटर चालला काय अन् बसला काय.

इकडं बाप काही कंप्युटरपाशी थांबंना. मागच्या दारानं शेतात. मी डाळ टाकून त्याच्या मागं. विहीर किती खोल, हळद किती, सातबारा कुणाच्या नावावर, भाऊबंदकी आहे का, न्हाणीघर कधी बांधलं. मी म्हणलं, धरलं गं बाई चोराला! हा जमिनीचा दलाल. पोरीला कंप्युटरात घुसवतो अन् आपण बांध मोजतो. पुढं खिशातून पुडी काढली, म्हणला श्रावण सोमवारी औंढ्याला गेलो होतो, नागनाथाचा प्रसाद घ्या. दुरुस्तीला येणारं माणूस कधी प्रसाद घेऊन येतं? मी प्रसाद घेतला, देवाला कसं न्हाई म्हणावं, पण मनात म्हणलं, थांब, तुला असा पळवते की पुन्हा ह्या रस्त्याला यायचा न्हाईस. मी सांगितलं, विहीर दिसायलाच मोठी आहे, संक्रांतीला तळ दिसतो. हळद वरून हिरवी, खाली कंद सडलेत. जमिनीवर चुलत्यांचा दावा चालू आहे, माझ्या सासऱ्यापासून. पोरगा तर ऐकतच न्हाई कुणाचं. तो सगळं मान डोलवत ऐकून राहिला, अन् मी आपली खूश, जमीन वाचवली म्हणून.

जाताना पोरगी म्हणली, सेल बदलला, तारीख लावली, पण मोठं अपडेट आता सुरू केलंय, ते सावकाश उतरंल. बसलं का न्हाई ते बघायला परत यावं लागंल. बापानं दिवस सांगितला अन् गेले. चहा मात्र दोघांनी पूर्ण पिला, बशीत थेंब ठेवला न्हाई.

दुसऱ्या दिवशी मी अय्याजच्या दुकानात गेले भांडायला. म्हणलं, काय रे, शेजारधर्म सोडलास? साधी तारीख लावायची होती, तुला जमंना? अय्याज कपाळावर हात मारून म्हणला, दादी, मला काहून बोलता? तुमच्या प्रतिक्षाताईनंच फोन केला, म्हणली काहीही झालं तरी चार दिवस आमच्या घराची पायरी चढू नको, माझ्या होस्टेलची मैत्रीण मंजुषा अन् तिचे बाबा घर बघायला येऊन राहिलेत, दादाला कळलं तर तो शेतात पळून जाईल.

मी तिथंच बाकड्यावर बसले. आधी तुझा राग आला, मग मला एवढं हसू आलं की अय्याजनं पाणी दिलं. म्हणजे नोकरीवाला जावई न मागता पोरीचा बाप आपल्या पायानं आपला बांध बघायला आला होता, अन् मी त्याला सडकी हळद दाखवून बसले! माझी हळद सडकी, प्रतिक्षा! जिचा एक कंद फोडला तर हात दोन दिवस पिवळा राहतो!

आता हे पत्र काहून लिहिलं ते ऐक. फोनवर बोलायची सोय न्हाई, तुझी आई फोन सगळ्या घराला ऐकू जाईल असा लावते, अन् स्वप्निल समोरच असतो. झालंय असं की ते मेलं अपडेट आपोआप बसलं. कंप्युटर पळून राहिलाय घोड्यावानी. अन् तुझा शहाणा भाऊ म्हणतो, त्यांना उगं कशाला तकलीफ, फोन करून सांगतो, येऊ नका म्हणून. मी त्याला कसंबसं थांबवलंय, म्हणलं राहू दे, कंप्युटरचा काय भरवसा. पण चालत्या कंप्युटरवर मी किती दिवस शंका घेऊ? इंटरनेट आलंय, म्हणजे तुला आता शिरता येतं. तर तू शिर, अन् परत थोडं बिघडव. थोडंच, लोकांचे फार्म अडू देऊ नको, पण स्वप्निलला जमणार न्हाई एवढं. अय्याजला मी सांगून ठेवलंय, तो दुकान बंद करून सासुरवाडीला जातो म्हणला. अन् मंजुषाला कळव, आजी खोटं बोलली, विहिरीला वैशाखातबी दोन माणूस पाणी असतं, दावा तुझ्या आज्यानंच मिटवलाय, अन् पोरगा ऐकतो, फक्त त्याला हसवणारं पाहिजे. बापाला मी स्वतः विहिरीवर नेऊन दोर सोडून दाखवते. पत्र वाचून फाड अन् लगेच कामाला लाग, दिवस थोडे उरलेत. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, करीला, सकाळी येतो म्हणून गेलेत ते.

तुझ्या कटात उशिरा आलेली,
तुझीच आजी
गोजरबाई